‘भास होतो’ हे उत्तर मी मागे घेते



आज एका चुकीबद्दल लिहायचं आहे. चूक माझी, आणि ती लाल पेनाने झालेली आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळची शाळा. आमच्या वर्गातले बाक तुम्हाला माहीतच आहेत, लोखंडी सांगाडा आणि वर लाकडी फळी. थंडीत मुलं त्या लोखंडाला हात लावायला तयार नसतात. म्हटलं, चला, याचाच उपक्रम करू. पाचवीच्या मुलांना एक हात फळीवर आणि एक हात लोखंडी पायावर ठेवायला सांगितलं. मग दोन्हींना थर्मामीटर दोऱ्याने बांधून, वर फडकं गुंडाळून, दहा मिनिटं थांबून वाचायला लावलं. दोन्हीकडे १८ अंश. मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मीही खूश. पाठ यशस्वी!

नंतर वह्या तपासताना एका मुलाने लिहिलेलं दिसलं, ‘लोखंड लाकडापेक्षा थंड आहे.’ मी फुली मारली आणि शेजारी लिहिलं, ‘चूक. दोन्हींचे तापमान सारखे.’ वही घेऊन तो टेबलाशी आला. म्हणाला, “मॅडम, मग हाताला थंड का लागतं?”

“भास होतो,” मी म्हणाले. आणि पुढची वही उघडली.

हे ‘भास होतो’ मला आज परत घ्यायचं आहे. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल. थेट इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेतून.

मे महिन्यात बहिणीकडे पुण्याला गेले होते. तिचा मुलगा मेकॅनिकलला आहे. मोबाईलवर मला त्याच्या प्रोजेक्टचा आलेख दाखवत होता. एक रेघ सपाट चाललेली, मग एकदम वर उसळलेली. म्हणाला, “मावशी, हा सगळा प्रयोग एका मिलिसेकंदात संपतो.” एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आपली पापणी लवायलासुद्धा शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात. म्हणजे ‘बघा हं मुलांनो’ म्हणेपर्यंत असे शेकडो प्रयोग उरकतील!

मी आपलं शिक्षिकेसारखं विचारलं, “मग थर्मामीटर केव्हा लावता?”

तो हसला. मग त्याने जे समजावलं त्यातलं अर्धं त्या दिवशी कळलं, उरलेलं नंतर वाचून कळलं. ते माझ्या भाषेत सांगते.

आधी आपल्या शाळेतल्या थर्मामीटरबद्दल. थर्मामीटर पाण्याचं तापमान दाखवतो असं आपण म्हणतो. खरं तर तो स्वतःचं तापमान दाखवतो. पाण्यात बुडवल्यावर त्याचा फुगा हळूहळू पाण्याइतका होतो आणि तेवढं झालं की आपण म्हणतो, पाण्याचं तापमान अमुक. या ‘हळूहळू’चं गणित जुनं आहे. न्यूटनने १७०१ साली वस्तू थंड होण्याबद्दल एक लेख छापला, तोही नाव न घालता, आणि त्यातला विचार आजही कामाला येतो: फरक जितका जास्त, तितकी उष्णता जाण्याचा वेग जास्त.

एक उदाहरण धरू. थर्मामीटर ६० अंशावर आहे आणि बादलीतलं पाणी २६ अंशावर. फरक ३४ अंशांचा. समजा या थर्मामीटरला त्या पाण्यात ६३ टक्के फरक भरून काढायला ५ सेकंद लागतात. मग ५ सेकंदांनी तो साधारण ३८.५ दाखवेल, १० सेकंदांनी ३०.६, १५ सेकंदांनी २७.७. २५ सेकंद झाले की कुठे २६च्या जवळ. प्रत्येक ५ सेकंदांना उरलेल्या फरकाचा तोच हिस्सा कमी होतो. या ५ सेकंदांना इंजिनिअर लोक उपकरणाचा कालांक म्हणतात. मी वर्गात ‘थर्मामीटरचा दम’ म्हणते, मुलांना लगेच कळतं.

आता खरी गंमत बघा. हा दम एकट्या थर्मामीटरचा नाही. तोच थर्मामीटर पाण्याऐवजी हवेत धरला तर सेकंदांची मिनिटं होतात, कारण संथ हवा पाण्यापेक्षा फार सावकाश उष्णता नेते. पंखा लावला की वेळ पुन्हा कमी होतो. आपण चहावर फुंकर मारतो तेव्हा हेच करतो. कपाला चिकटून बसलेला गरम हवेचा पातळ थर हलवून टाकतो. पाणी असो, हवा असो (आपल्या पुस्तकात दोघांना मिळून द्रायू हा शब्द आहे), वाहणारा द्रायू उष्णता किती झपाट्याने नेईल हे त्याच्या वेगावर आणि त्याच्या खळबळीवर ठरतं. आणि खळबळ तर क्षणाक्षणाला बदलते.

मग तापमानच दम संपायच्या आत वरखाली होत असेल तर? थर्मामीटर श्रुतलेखनात मागे पडणाऱ्या मुलासारखा होतो. आपण तिसरं वाक्य सांगत असतो, तो पहिल्याचा शेवटचा शब्द लिहीत असतो. शेवटी वहीत जे उतरतं ते धड पहिलं नसतं, धड तिसरं नसतं. मोटारीच्या इंजिनात असंच होतं. सिलिंडरमधला वायू पेट घेतो तेव्हा क्षणभर २००० अंशांच्या वर जातो आणि काही मिलिसेकंदांत पुन्हा खाली येतो. सिलिंडरच्या धातूच्या भिंतीचा पृष्ठभाग मात्र त्या वेळात जेमतेम दहा-वीस अंशांनी हलतो. भिंतीत साधा जाड संवेदक बसवला तर तो शांतपणे सरासरी सांगत राहील आणि आतला सगळा भडका त्याच्या गावीही नसेल.

वाऱ्यातली खळबळ मोजायला लोकांनी काय केलं, ऐका. टंगस्टनची तार घेतली, जाडी ५ मायक्रोमीटर. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे केसाच्या चौदाव्या हिश्शाएवढी. लांबी एखादा मिलिमीटर. ती विजेने तापवायची आणि वाऱ्यात धरायची. वारा तिची उष्णता पळवतो, आणि तिला त्याच तापमानावर ठेवायला किती वीज पुरवावी लागली, त्यावरून वाऱ्याचा वेग कळतो. अशा तारेतून वारा किती उष्णता नेतो याचं गणित एल. व्ही. किंग यांनी १९१४ साली मांडलं. तार एवढीशी, म्हणून दमही एवढासा. सेकंदाला हजारो वेळा बदलणारा वारासुद्धा ती पकडते.

आता भाच्याच्या प्रयोगाकडे. शॉक ट्यूब म्हणजे एक लांब नळी, मध्ये पातळ पडदा. एका बाजूला खूप दाबाखाली वायू भरत जायचा. पडदा फाटतो आणि धक्क्याची लाट नळीतून पुढे धावते. कागदी पिशवी फुगवून फोडतो ना, तसंच, फक्त फार जोरात. (बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. के. पी. जे. रेड्डी यांनी तर हाताने ढकलून चालवायची छोटी शॉक ट्यूब केली, ती रेड्डी ट्यूब म्हणूनच ओळखली जाते. शाळेत अशी एक मिळाली तर काय मजा येईल!) अशाच नळीला पुढे तोटी जोडून आवाजाच्या कित्येक पट वेगाचा झोत तयार करतात आणि त्यात यानाचं छोटं प्रारूप ठेवतात. भारतीय विज्ञान संस्थेत आणि आपल्या पवईच्या आयआयटीतही असे शॉक टनेल आहेत. २००७च्या जानेवारीत इस्रोची एसआरई-१ ही कुपी अवकाशातून परत येऊन बंगालच्या उपसागरात उतरली. अशी कुपी वातावरणात शिरताना तिच्या नाकावर किती उष्णता आदळेल, हे आधी जमिनीवर मोजून बघावं लागतं. आणि मोजायला झोत मिळतो मिलिसेकंदभर.

तिथे काय लावतात? काचेचा किंवा सिरॅमिकचा तुकडा आणि त्यावर प्लॅटिनमचा मुलामा. मुलाम्याची जाडी एका मायक्रोमीटरहूनही कमी. प्लॅटिनम तापलं की त्याचा विद्युतरोध वाढतो. त्यातून ठरावीक वीजप्रवाह सोडून ठेवला की रोधावरून पृष्ठभागाचं तापमान क्षणोक्षणी नोंदलं जातं.

मी विचारलं, “म्हणजे शेवटी तापमानच मोजलंत ना?”

“मावशी, तापमान हवंय कुणाला? उष्णता किती वेगाने आत येतेय ते हवंय.”

इथे मी थबकले. म्हणजे हे दोन वेगळे प्रश्न आहेत! तापमान किती, हा एक. उष्णता किती वेगाने जाते-येते, हा दुसरा. आणि दुसऱ्याचं उत्तर ते लोक असं काढतात. एका मिलिसेकंदात काचेत उष्णता शिरून शिरून किती शिरणार? साधारण केसाच्या जाडीइतकी. त्याखालच्या काचेला अजून पत्ताच नसतो. म्हणून काही मिलिमीटर जाडीचा तुकडाही त्या वेळेपुरता ‘अनंत जाड’ धरता येतो आणि गणित सोपं होतं. एकसारख्या वेगाने उष्णता येत असेल तर पृष्ठभागाचं तापमान वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतं. चौपट वेळ झाला की दुप्पट चढलेलं. आलेख असा चढला तर समजायचं, उष्णता सारख्याच वेगाने येत होती. वेगळा चढला तर वेग मध्येच बदलला. एका क्षणाचा आकडा बघून काहीच कळत नाही, तो कुठून कसा चढत आला हे सगळं बघावं लागतं. ऑक्सफर्डच्या शुल्ट्झ आणि जोन्स या दोघांनी १९७३ साली या पद्धतीवर सविस्तर अहवाल लिहिला, त्याचा आधार आजही घेतात.

या गणितात एक आकडा सारखा येतो. पदार्थाची उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा यांचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ काढायचं. या आकड्यावरून कळतं की त्या पदार्थाला स्पर्श केला तर तो किती झपाट्याने उष्णता ओढून घेईल. लाकडाचा हा आकडा साधारण ४०० येतो, लोखंडाचा १३,००० च्या वर. आपल्या कातडीचा हजार-बाराशे. गंमत म्हणजे त्या संवेदकातल्या काचेचाही जवळपास तसाच, थोडा जास्त.

आता माझ्या वर्गातल्या बाकाकडे परत या.

मुलाचा तळहात समजा ३३ अंशांचा. बाक १८ अंशांचा. स्पर्श अगदी चांगला झाला असं धरलं, तर याच आकड्यांवरून हात आणि वस्तू जिथे टेकतात तिथलं तापमान काढता येतं. मी कागद-पेन घेऊन बसले. लाकडावर टेकलेल्या कातडीचा पृष्ठभाग येतो साधारण २९ अंश. लोखंडावर टेकलेल्याचा, १९.

शिक्षक मित्रांनो, दहा अंशांचा फरक! एका हाताची कातडी खरोखरच १९च्या आसपास उतरली होती आणि दुसऱ्याची २९च्या. यात भास कुठे आहे? प्लॅटिनमचा मुलामा मिलिसेकंदात जे करतो, तेच त्या मुलाच्या तळहाताने केलं होतं. उष्णता किती वेगाने चालली आहे, हे मोजलं होतं. त्याच्या पेनातून ‘लोखंड थंड आहे’ असं उतरलं, ते शब्द चुकले असतील. निरीक्षण चुकलं नव्हतं. त्याच्याकडे दुसऱ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर होतं, मी त्याला पहिल्या प्रश्नाच्या खाली तपासलं.

डी.एड.ला आम्हाला सराव पाठात तो तीन भांड्यांचा प्रयोग असायचा. गरम, कोमट आणि गार पाणी, हात आधी गरमात आणि गारात, मग दोन्ही कोमटात. निष्कर्ष फळ्यावर ठरलेला: ‘स्पर्शाने तापमान अचूक सांगता येत नाही, म्हणून तापमापी वापरतात.’ प्रयोग उत्तम, निष्कर्षही खरा. पण मूल त्यातून काय घेऊन जातं? माझं शरीर खोटं बोलतं आणि काचेची नळी खरं बोलते. मला हे खटकायला लागलं आहे. त्या निष्कर्षाच्या खाली अजून एक ओळ हवी की हात तापमान सांगत नाही, पण उष्णता कुठे आणि किती वेगाने चालली ते सांगतो. आणि थर्मामीटरही खरं बोलतो, पण उशिरा.

माझे एक सहकारी हे ऐकून म्हणाले, “मॅडम, पाचवीच्या पोरांना शॉक ट्यूब शिकवणार का आता?” नाही हो. वर्गमूळ, विशिष्ट उष्मा, काहीच नाही. मी म्हणते फक्त निरीक्षणाच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: वेळ. आपण तक्ता देतो, त्यात ‘वस्तू’ आणि ‘तापमान’ असे दोनच रकाने असतात. मूल थर्मामीटर बुडवतं, मनात येईल तेव्हा काढतं आणि आकडा लिहितं. शेजारच्याचा आकडा वेगळा आला की एकाचं खोडून दुसऱ्याचं उतरवतं, आणि आपण त्याला ‘बरोबर’ म्हणतो. दोघांनी किती वेळ थांबून वाचलं, हे कुणी विचारतच नाही. कदाचित दोघंही बरोबर असतील, एक पाचव्या सेकंदाला, दुसरा पंधराव्या. चाळीस मिनिटांच्या तासात हे बसत नाही, पट मोठा असतो, थर्मामीटर दोनच असतात, हे सगळं मला माहीत आहे. माझ्याकडेही दोनच आहेत. म्हणून गट करते. एक मुलगा मोठ्याने सेकंद मोजतो, एक वाचतो, एक लिहितो, बाकीचे आरडाओरडा करतात.

पालकांसाठीही थोडं. मुलाच्या कपाळाला हात लावून आपण ताप बघतो. भांडी घासून आलेल्या गार हाताला प्रत्येक मूल तापलेलंच वाटतं, आणि चुलीपाशी बसलेल्या हाताला खरा तापही कळत नाही. कारण हात फरक मोजतो. तापाच्या बाबतीत आपल्याला पहिल्याच प्रश्नाचं उत्तर हवं असतं, तापमान किती. तिथे थर्मामीटरच लावा, आणि त्याला त्याचा वेळ द्या. डिजिटल असेल तर टुक वाजेपर्यंत, जुना काचेचा असेल तर काही मिनिटं. मूल रडतंय म्हणून अर्ध्यात काढलेला आकडा खऱ्या तापापेक्षा कमीच असतो. माझ्या लेकाच्या वेळी मी स्वतः हे केलंय, ९९ बघून निर्धास्त झोपले आणि पहाटे तो फणफणला होता.

यंदा जूनमध्ये नव्या पाचवीला तो वेळेचा रकाना दिला. थर्मामीटर कोमट पाण्यातून काढून आधी गार पाण्यात, दर ५ सेकंदांनी वाचायचं. मग पुन्हा कोमट पाण्यात बुडवून, काढून, हवेत धरायचं आणि दर अर्ध्या मिनिटाने वाचायचं. पाण्याचा तक्ता अर्ध्या मिनिटात संपला. हवेचा संपता संपेना, मुलं कंटाळली. एका गटाच्या मुलीने मात्र तक्ता सोडला नाही. तिचे आकडे बघितले तर ते वर्गातल्या हवेच्याही खाली गेलेले. भिंतीवरचा थर्मामीटर २८ दाखवतोय आणि हिचा २५. सवयीने माझा हात पेनाकडे गेला. हवेत ठेवलेली वस्तू हवेपेक्षा गार कशी होईल? पण या वेळी थांबले. म्हटलं, “पुन्हा कर बघू, माझ्यासमोर.”

तिने पुन्हा केलं. पुन्हा २५.

“काय केलंस तू वेगळं?”

तिने थर्मामीटरकडे बघितलं, फुग्याला बोट लावलं आणि म्हणाली, “मॅडम, मी पुसला नव्हता. ओला होता.”

माठातलं पाणी का गार होतं, हा पाठ मी दरवर्षी घेते. फुग्यावरचं पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं, हे मला त्या मुलीच्या तक्त्यात दिसायला हवं होतं. दिसलं नाही. वह्या तपासताना आपण उत्तर शोधत असतो ना, म्हणून.

बाकावर हात ठेवणारा तो मुलगा आता सहावीत गेला, गावातल्या मोठ्या शाळेत. परवा बाजारात आईबरोबर भेटला. मी म्हटलं, “अरे, तुझी मागच्या वर्षीची वही आणून दे मला. त्यातली एक फुली मला खोडायची आहे.”

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, “मॅडम, ती रद्दीत दिली.”

बाकाचं त्याला आठवत होतं की नाही, कळलं नाही. मी तिथेच, भाजीच्या गाड्याशेजारी, त्याला १९ आणि २९चं सांगायला लागले. गाड्याचा लोखंडी दांडा होताच समोर. पण दुपारची वेळ, दांडा उन्हाने तापलेला. त्याने हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग लाकडी फळीला लावला आणि म्हणाला, “मॅडम, आता उलटं झालं!”

“हो,” मी म्हटलं, “आता सांग, उष्णता कुठून कुठे चालली?”

त्याची आई म्हणाली, “बाई, उशीर होतोय.” तो गेला. उत्तर शाळेत येऊन सांगतो म्हणालाय.